बार का उडाला नाही, ते टोपीवरचा खड्डा सांगतो

चाप ओढला, घोडा पडला, ‘टक्’ वाजलं आणि बार उडालाच नाही. अशा वेळी पहिली शिवी काडतुसाला जाते, दुसरी दुकानदाराला, आणि काडतूस धुऱ्यापलीकडे भिरकावलं जातं. भिरकावणं धोक्याचं आहेच, पण त्यात आणखी एक नुकसान होतं. काय बिघडलं त्याचा पुरावा त्याच काडतुसाच्या बुडाशी, टोपीवर उमटलेला असतो. तो वाचता आला तर बंदूक दुरुस्तीला न्यायची की काडतुसं बदलायची, हे दोन मिनिटांत ठरतं.

इथे बोलतोय ते लायसनच्या बाराबोरबद्दल, म्हणजे छर्र्याच्या बंदुकीबद्दल: एकनळी, दुनळी आणि पंप. आपल्याकडे अनेक गावांत आजही पीकरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक आहे. तिच्या टोपीबद्दल शेवटी लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लायसन हे बंदूक बाळगण्याचं असतं, जनावर मारण्याचं नसतं. रानडुक्कर असो की रोही (नीलगाय), वन विभागाची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय त्याच्यावर गोळी झाडता येत नाही.

टोपीत असतं काय

आपण जिला टोपी म्हणतो तिला दुकानात प्रायमर म्हणतात. पातळ धातूची छोटी वाटी, तिच्या तळाला धक्क्याने पेटणाऱ्या मसाल्याचा थर, आणि त्यावर बसवलेला धातूचा टोकदार तुकडा. हा तुकडा म्हणजे ऐरण. घोडा पडला की बंदुकीतली पिन बाहेरून वाटीला खड्डा पाडते, मसाला वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडतो, ठिणगी उडते आणि भोकातून आतल्या दारूपर्यंत पोचते. मसाला नुसता दाबून चालत नाही, तो झटक्याने चिरडावा लागतो. म्हणून पिन किती खोल जाते याच्याइतकंच ती किती वेगाने जाते यालाही महत्त्व आहे.

रायफलच्या काडतुसात टोपीचे दोन प्रकार असतात. बॉक्सर प्रकारात ऐरण टोपीतच असते, बर्डनमध्ये ती काडतुसाच्या पितळी बुडातच घडवलेली असते. दोन्ही १८६० च्या दशकातले. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज होता आणि त्याची टोपी अमेरिकेत रुजली. बर्डन अमेरिकन होता आणि त्याची पद्धत युरोपात चालली. आजच्या बाराबोर काडतुसांत सहसा २०९ नावाची टोपी असते. तिला स्वतःचं बाहेरचं कवच असतं आणि ऐरणही आतच असते. म्हणजे ती सगळीच्या सगळी एक सुटी वस्तू आहे. कवचाचा व्यास ६ मिलिमीटरहून किंचित जास्त.

काडतूस घेताना बूड बघा

लोक छर्र्याचा नंबर विचारतात, किंमत विचारतात, डबा पिशवीत टाकतात. काउंटरवरच डबा उघडून प्रत्येक काडतुसाचं बूड पाहावं. पंचवीस काडतुसं पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि चांगला दुकानदार त्याला हरकत घेत नाही.

टोपी पितळी बुडाशी सपाट हवी, किंवा केसभर आत. शाळेच्या कंपासातली स्टीलची पट्टी बुडावर आडवी ठेवून हलकेच फिरवा. पट्टी टोपीला अडली की टोपी वर आली आहे. पट्टीखालून फट दिसली तर टोपी जास्त आत गेली आहे. फट एकाच बाजूला दिसली तर टोपी वाकडी बसली आहे. तिन्ही प्रकारची काडतुसं बाजूला काढायची.

वर आलेली टोपी सर्वांत वाईट. दुनळी मिटताना ती बंदुकीच्या पाटाला, म्हणजे काडतुसाच्या बुडामागच्या सपाट भागाला, घासते. जोरात मिटली तर चापाला हात न लावताही बार उडू शकतो. पंपात तर काडतूस जोरात पुढे ढकललं जातं, म्हणून तिथे धोका जास्त. दुसरा त्रास कमी धोक्याचा पण नेहमीचा: पिनचा पहिला मार टोपीला खाली बसवण्यातच खर्च होतो आणि मसाला चिरडायला जोर उरत नाही. ‘पहिल्यांदा टक् वाजलं, दुसऱ्यांदा उडालं’ अशी तक्रार ऐकली की आधी हाच संशय घ्यावा. अशी टोपी घरी हातोडीने ठोकून किंवा शिकंज्यात दाबून खाली बसवायचा विचारसुद्धा करू नका. ती ठोक्यानेच पेटायला बनवलेली वस्तू आहे.

जास्त आत गेलेल्या टोपीपर्यंत पिन पुरेशी पोचत नाही. पिनचं टोक पाटाबाहेर साधारण दीड मिलिमीटरच येतं, त्यात अर्धा मिलिमीटर वाया गेला तर खड्डा उथळ पडणारच.

टोपीभोवती हिरवट कळंक, लाखेचा तुटका कडा, पितळावर काळे डाग, प्लास्टिकच्या नळीचं तोंड फुगलेलं किंवा उकललेलं: यातलं काहीही दिसलं तर ते काडतूस परत करा. डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहून ठेवा आणि हंगामाची सगळी काडतुसं शक्यतो एकाच लॉटमधली घ्या. पुढे बार फसायला लागले तर दोष लॉटचा की बंदुकीचा, हे ओळखायला हाच नंबर कामी येतो.

आणखी एक. काडतुसाची लांबी बंदुकीच्या घराशी, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेशी, जुळली पाहिजे. आजची बहुतेक काडतुसं ७० मिलिमीटरची असतात, पण आजोबांच्या काळातल्या कित्येक विलायती दुनळींचं घर ६५ मिलिमीटरचं, म्हणजे अडीच इंचांचं असतं. ७० चं काडतूस त्यात बसतं, म्हणून लोकांना वाटतं की चालतं. ही लांबी भरलेल्या काडतुसाची नसते, बार उडून तोंड उघडल्यानंतरच्या नळीची असते. ते उघडायला जागा नसली की वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. नळी सुटी करून तिच्या खालच्या सपाट भागावरचे ठसे पाहा. २½ किंवा ६५ लिहिलं असेल तर तेवढ्याच लांबीचं काडतूस वापरा. ठसे वाचता येत नसतील तर परवानाधारक बंदूक-कारागिराला दाखवा.

आधी थांबा, मग वाचा

बार उडाला नाही की नळी होती त्याच दिशेला, धुऱ्याच्या मातीकडे किंवा मोकळ्या जमिनीकडे रोखून ठेवा. चापावरून बोट काढा. बंदूक उघडू नका. टोपी पेटून दारू उशिरा पेट घेते असं क्वचित होतं, पण होतं. बंद बंदुकीत हा उशिराचा बार नळीतून निघून जातो. उघड्या बंदुकीत काडतुसाला मागून आधार नसतो, बूड फुटून सरळ चेहऱ्याकडे येतं. सर्वसाधारण नियम ३० सेकंदांचा आहे. अंधारात, मचाणावर, हात थरथरत असताना ३० सेकंद फार लवकर मोजले जातात, म्हणून मनात साठपर्यंत मोजा.

मग चेहरा बाजूला ठेवून बंदूक उघडा, काडतूस काढा आणि टॉर्चखाली टोपी पाहा. उरलेलं काडतूसही काढा आणि दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का ते बघा. ‘टक्’ऐवजी ‘फुस्स’ असा दबका आवाज आला असेल तर ही पायरी टाळूच नका. टोपी पेटली, दारू नीट जळली नाही आणि गट्टा (दारू आणि छर्रे यांच्यामधलं बूच) किंवा छर्रे नळीतच अडकले, असा त्याचा अर्थ असू शकतो. त्यामागे दुसरा बार टाकला तर नळी फुटते. अडकलेलं काही दिसलं तर बंदूक त्या रात्रीपुरती बंद.

खड्डा काय सांगतो

टोपीवर खड्डाच नाही. म्हणजे पिन पोचलीच नाही. दुनळीत सर्वांत साधं कारण असं की काडतूस एका नळीत आणि चाप दुसरीचा ओढला. त्यानंतर सेफ्टी, अर्ध्यावर अडकलेला घोडा आणि शेवटी तुटलेली पिन. रिकाम्या बंदुकीचे चाप पुन्हापुन्हा ओढून पाहायची सवय अनेकांना असते. पिन तुटण्याचं ते एक मोठं कारण आहे. घोडा उतरवून ठेवायचाच असेल तर स्नॅप कॅप, म्हणजे आत स्प्रिंग असलेलं नकली काडतूस मिळतं, ते वापरा.

खड्डा आहे पण उथळ, नखाला जेमतेम लागेल इतका. हा बहुतेक वेळा बंदुकीचा दोष असतो, आणि आपल्या भागात त्याचं एक खास कारण आहे: खोबरेल तेल. पुष्कळ घरांत बंदुकीला तेच लावतात, कारण ते हाताशी असतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. तूर शेंगांवर येते, हरभरा जमिनीलगत हिरवा होतो आणि जागल, म्हणजे पिकाची रात्रीची राखण, सुरू होते ती नेमकी डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा आपल्याकडची रात्र त्याच्या कितीतरी खाली उतरते. पिनच्या भोकात आणि स्प्रिंगवर गोठलेलं तेल मेणासारखं बसतं आणि पिन झटक्याऐवजी सरकत पुढे जाते. दिवसा उन्हात बंदूक तपासली तर सगळं ठीक. जवसाचं तेल तर वाळून चिकट वार्निशच होतं. यंत्रातलं जुनं तेल रॉकेलने धुऊन काढा, कोरडं पुसा आणि शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा एकच थेंब द्या. थेंब म्हणजे थेंबच. जास्तीचं तेल उभ्या बंदुकीत खाली उतरतं आणि लाकडी दस्ता नासवतं.

तेल साफ करूनही खड्डा उथळच राहिला तर मुख्य स्प्रिंग थकली आहे, किंवा बंदूक बिजागरीत सैल झाली आहे. नळी हातात धरून दस्ता हलवा. खडखड जाणवली तर काडतूस आणि पाट यांच्यात फट पडते, पिनच्या मारात काडतूसच पुढे सरकतं आणि मार हलका होतो. हे काम घरचं नाही. लोहाराचंही नाही, कारण बंदूक दुरुस्तीलाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.

खड्डा चांगला खोल, गोल, मधोमध आणि तरी बार नाही. आता मात्र शिवी काडतुसाला द्यायला हरकत नाही. टोपीतला मसाला ओलाव्याने किंवा तेलाने मेला असेल, किंवा कारखान्यातच काही राहून गेलं असेल. एकाच लॉटमधली दोन काडतुसं अशी निघाली तर तो लॉट वापरू नका, लॉट नंबरासह दुकानात परत द्या. तेच काडतूस पुन्हा घालून दुसऱ्यांदा मारण्यात अर्थ नाही. मसाला आधीच तडकलेला असतो, आणि अर्धवट पेटला तर वर सांगितलेली ‘फुस्स’ गोष्ट घडते.

खड्डा मधोमध नाही, एका कडेला आहे. बंदूक नीट मिटत नाही किंवा पिन वाकली आहे. एखाद्या वेळी चालून जाईल, पण रोज तसाच दिसत असेल तर दाखवून घ्या.

बार उडाला, तरी टोपी पाहायची सवय ठेवा. टोपीला आरपार भोक आणि भोवती काजळी असेल तर तापलेला वायू मागे सुटतोय. पिनचं टोक अर्धगोल असायला हवं. ते झिजून किंवा घासून अणकुचीदार झालं की टोपी भोसकतं. टोपी चपटी होऊन कडेपर्यंत पसरली असेल, किंवा रिकामी नळी घरातून निघता निघत नसेल, तर दाब जास्त झाला आहे. ६५ च्या घरात ७० चं काडतूस घातलेलं नाही ना, हे आधी तपासा.

जुन्या घोडेवाल्या दुनळीबद्दल एक इशारा. काही जुन्या बंदुकांत घोडा पडल्यावर मागे उसळून येत नाही, पिनवरच टेकून राहतो. म्हणजे भरलेल्या बंदुकीत पिन टोपीला चिकटलेली असते. अशी बंदूक बंडीत टाकून नेली आणि घोड्याला दणका बसला की काय होईल ते सांगायला नको. चालताना बंदूक उघडी आणि रिकामी, भरायची ती जागेवर पोचल्यावरच. मिटताना नळी जमिनीकडे ठेवून दस्ता वर उचलून मिटवा, नळी झटक्याने वर मारू नका.

रिकामी काडतुसं ‘भरून घेणं’

परदेशात रिकाम्या काडतुसातली जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू-छर्रे भरायचे, हा घरगुती छंद आहे. यंत्रं मिळतात, तक्ते मिळतात. ते पाहून इथेही कुणीतरी स्वस्तात भरून देतो म्हणतं. शस्त्र कायदा, १९५९ च्या व्याख्येत दारूगोळ्यात त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे मोकळी टोपी हासुद्धा दारूगोळाच. विनापरवाना तो बनवणं हा कलम ५ चा भंग, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. एकदा उडालेल्या काडतुसात टोपीचं भोक किंचित सैल होतं. नवी टोपी त्यात घट्ट बसत नाही, वायू मागे सुटतो, कधी टोपीच गळून यंत्रात पडते. शिवाय सगळ्या २०९ टोप्या सारख्या नसतात. कुणाची ठिणगी मवाळ, कुणाची तिखट. दारू, गट्टा, छर्रे तेच ठेवून नुसती टोपी बदलली तरी दाब लक्षणीय बदलतो. अमेरिकन मानकात ७० मिलिमीटरच्या बाराबोरची दाबाची कमाल मर्यादा ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. जे लोक हा छंद नीट करतात ते तक्त्यात लिहिलेली टोपी सोडून दुसरी वापरत नाहीत. इथल्या भरून देणाऱ्याकडे ना तक्ता, ना दाब मोजायचं साधन. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसं लायसनवर सरळ मिळत असताना यात पडायचं कारण मला दिसत नाही.

मे आणि जुलै

आपल्याकडे काडतुसाचे वैरी दोन: मे महिन्याचं टिनाचं छप्पर आणि जुलैची सादळ. टिनाखालची खोली बाहेरच्या ४५ अंशांहूनही जास्त तापते. अशा खोलीत वर्षानुवर्षं राहिलेली दारू हळूहळू बिघडते. काडतुसं धाब्याच्या घरात, आतल्या खोलीत, जमिनीपासून हातभर वर ठेवा. रबरी कडा असलेला घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. पावसाळ्याआधी त्या बदला. चूल, खताची पोती आणि फवारणीची औषधं यांच्यापासून लांब. फ्रिजमध्ये नको, कारण बाहेर काढल्यावर पितळावर दव धरतं. बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात.

चामड्याचा पट्टा दिसायला रुबाबदार असतो, पण काडतुसं त्यात साठवू नका. चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी पितळ हिरवं पडतं. जागलीला जाताना चार काढून खिशात घ्या, सकाळी पुसून परत डब्यात. शेकोटीजवळ बसताना खिसा आगीकडे नको. जुना माल आधी संपवा. डब्यावर खरेदीचं साल पेनाने लिहिलं की गोंधळ होत नाही.

संदुकीच्या तळाशी वडिलांच्या काळातली कागदी काडतुसं सापडली तर ती वापरायची नाहीत. विहिरीत टाकायची नाहीत, पुरायची नाहीत आणि चुलीत तर अजिबात नाहीत. बंदुकीबाहेर काडतूस पेटलं तर छर्रे फार लांब जात नाहीत, पण टोपी आणि पितळाचे तुकडे डोळा फोडायला पुरेसे असतात. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात लेखी नोंद करून जमा करा. जुन्या टोप्यांचा आणखी एक दुर्गुण असतो. अनेकींच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून नळीत मिठासारखा क्षार राहतो, तो ओलावा खेचतो आणि एका पावसाळ्यात नळीला गंजाचे खड्डे पडतात. असा बार कधी उडाला असेल तर नुसत्या तेलाने भागत नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाही. आधी कढत पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल.

ठासणीच्या बंदुकीची टोपी

इथे टोपी निपलवर, म्हणजे घोड्याखालच्या भोक असलेल्या छोट्या नळकांडीवर, बाहेरून बसते. ती नंबराप्रमाणे येते, १० आणि ११ हे नेहमीचे. ११ नंबरची टोपी १० च्या निपलवर ढिली बसते आणि घोडा चढवताना गळून पडते. उलट झालं तर अर्धवटच बसते. मग घोड्याचा पहिला मार ती खाली ढकलण्यात जातो आणि बार फसतो, अगदी काडतुसातल्या वर आलेल्या टोपीसारखाच. बोटाच्या दाबाने तळापर्यंत बसेल आणि बंदूक उलटी धरली तरी पडणार नाही, ती टोपी तुमच्या निपलची. निपलची कड घोड्याचे मार खाऊन चेपलेली असेल तर कुठल्याच नंबराची नीट बसणार नाही. निपल बदलून घ्या. घरगुती टोपी कुठल्याही मसाल्याची नको.

दारू भरण्याआधी निपलचं भोक बारीक तारेने मोकळं करा आणि रिकाम्या बंदुकीवर एक टोपी उडवा. नळीचं तोंड वाळलेल्या गवताच्या काडीसमोर धरा. काडी हलली तर वाट मोकळी, नाही हलली तर आत तेल किंवा काजळी तुंबली आहे. भरल्यावर बार फसला तर इथे पूर्ण मिनिटभर थांबायचं, कारण काळी दारू धुमसत राहू शकते. मगच जुनी टोपी काढा, भोकात तार घाला आणि नवी टोपी बसवा. तरीही उडाला नाही तर आतला भरणा लोखंडी गजाने उकरू नका. बंदूक भरलेली आहे हे सांगून कारागिराला बोलावून घ्या. टोपी फुटताना तिच्या तांब्याच्या पाकळ्या बाजूला उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा, आणि घोड्याच्या बाजूला कुणी बसलेलं नको.